घरच्या सर्व्हरसाठी कमी विजेचा छोटा संगणक निवडताना

घरातले फोटो, कागदपत्रे आणि कॅमेऱ्याचे चित्रण आपल्याच यंत्रावर ठेवायचे ठरले, की माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढण्याचा मोह होतो. त्याआधी थोडा हिशेब मांडावा. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो, त्यामुळे सतत लागणारा प्रत्येक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिटांचा पडतो. ६० वॅट घेणारा डेस्कटॉप महिन्याला सुमारे ४३ युनिटे जाळतो, आणि ज्या घराचे काम एरवी सत्तर-ऐंशी युनिटांत भागते ते तेवढ्यानेच महावितरणच्या शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्याबाहेर जाते. १० वॅटच्या यंत्राला महिन्याला जेमतेम सात युनिटे पुरतात.

घरचा सर्व्हर दिवसाचा बहुतेक वेळ रिकामाच असतो, म्हणून प्रोसेसरच्या वेगापेक्षा रिकाम्या स्थितीत तो किती वीज घेतो हे पाहावे. प्रोसेसरच्या माहितीत दिलेल्या टीडीपीच्या आकड्यावरून ते कळत नाही. तो प्रोसेसरच्या उष्णतेविषयी असतो, आणि सॉकेटमधून येणाऱ्या विजेत मेमरी, डिस्क व अडॅप्टरमधली गळतीही धरावी लागते.

केवळ फाइली ठेवायच्या असतील तर रास्पबेरी पाय ५ हा एकाच पट्टीवरचा चिमुकला संगणक पुरतो. रिकामा असताना तो तीन-चार वॅटांत राहतो. व्हिडिओचे रूपांतरही करायचे असेल, तर २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० या चार कोअरच्या प्रोसेसरचा मिनी पीसी घ्यावा, कारण ते काम त्यातला ग्राफिक्सचा भाग सहज करतो. कार्यालयांतून निघालेले थिंकसेंटर टायनी किंवा ऑप्टिप्लेक्स मायक्रो हे छोटे डेस्कटॉपही वाईट नाहीत, मात्र प्रोसेसरच्या नावाअखेर कमी विजेच्या आवृत्तीची खूण असलेले ‘टी’ हे अक्षर आहे ना, ते पाहून घ्यावे. माझा कौल एन१०० ला. साडेतीन इंची फिरती डिस्क मात्र शक्यतो टाळावी. ती एकटीच पाच-सहा वॅट घेते आणि अशा दोन लावल्या की छोटे यंत्र घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

वापर मोजायला वॅटमीटर नसेल तर घरचा वीजमीटर चालतो. त्यावर ३,२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला दिव्याच्या तेवढ्या उघडझापा) असे लिहिलेले असेल, तर फ्रिजसह बाकी सारे बंद ठेवून लाल दिव्याची उघडझाप मोजावी: तासाला ३२ वेळा म्हणजे १० वॅट.

कोकणात हा आकडा बिलापेक्षा इन्व्हर्टरसाठी अधिक महत्त्वाचा ठरतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतली निम्मी ऊर्जा वापरायची म्हटली तर हाती ९०० वॅट-तास येतात. त्यावर ६० वॅटचा डेस्कटॉप फार तर पंधरा तास टिकेल, आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरला तर त्याहूनही कमी. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती; तिथे कोणताच हिशेब पुरला नसता, पण पावसाळ्यातल्या रोजच्या खंडिततेत लहान यंत्र सहज तग धरते.

खारी हवा पंख्यावाटे आत ओढली जाते, म्हणून बिनपंख्याचे यंत्र बरे. ते समुद्राकडच्या पडवीत ठेवू नये आणि बंद कपाटातही कोंडू नये. माजघरातली उघडी फळी उत्तम. शिवाय पावसाळ्यात ते बंद करून ठेवू नये, कारण चालू यंत्राच्या उबेने आत ओल धरत नाही.

शेवटी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगांत, वीज परतताच आपोआप सुरू होण्याची सोय आहे का, हे घेण्यापूर्वीच पाहावे. ती चालू करून प्लग काढावा, मिनिटभराने पुन्हा लावावा, आणि बटण न दाबता यंत्र उठते का ते पाहावे. नाही उठले तर पुण्या-मुंबईहून गावच्या घरातला सर्व्हर चालू करायला दर वेळी शेजाऱ्यांना फोन करावा लागेल.