कोणत्या गेमला फर्स्ट-पर्सन शूटर म्हणावे?

फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून पाहत गोळीबार करण्याच्या गेमची यादी करायला घेतली की पहिली काही नावे भराभर लिहून होतात. ‘डूम’, ‘क्वेक’, ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ यांच्याबद्दल कोणी वाद घालत नाही. पंचाईत होते ती त्यानंतर. ‘पोर्टल’मध्ये हातात बंदुकीसारखे उपकरण असते आणि सगळे दृश्य खेळाडूच्या डोळ्यांतून दिसते, म्हणून तो शूटर ठरतो का? ‘फॉलआउट ३’मध्ये गोळीबार भरपूर आहे, पण गोळी लागते ती खेळाडूच्या हातामुळे की पात्राच्या गुणांकनामुळे? अशा गेमचा निर्णय दरवेळी मनाला येईल तसा घेतला, तर यादीत विसंगती शिरते आणि वाचणाऱ्याच्या ती लगेच लक्षात येते. त्यामुळे काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारणे आणि त्यांतल्या शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन देणे, ही पद्धत मला सर्वांत कमी त्रासाची वाटते.

यादी कशासाठी करायची आहे, हे मात्र आधी ठरवून घ्यावे. या प्रकाराचा इतिहास मांडायचा असेल, तर १९७४ चा ‘स्पासिम’, त्याच सुमाराचा ‘मेझ वॉर’ आणि अटारीचा १९८० चा ‘बॅटलझोन’ यांना जागा द्यावीच लागेल. ‘मेझ वॉर’मध्ये खेळाडू बोळांच्या चक्रव्यूहात एकेक घर पुढे सरकतो आणि वळला तर एकदम काटकोनात वळतो, आजच्या खेळाडूला हा प्रकार ओळखीचाही वाटणार नाही, पण दृष्टी, बंदूक आणि प्रतिस्पर्धी हे तिन्ही घटक तिथे एकत्र आलेले आहेत. याउलट, आज कोणी ‘मला या प्रकारातले गेम सुचवा’ असे म्हटले, तर त्याच्यासाठीच्या यादीत ‘मेझ वॉर’ घालण्यात अर्थ नाही. निकष दोन्हीकडे तेच राहतात, फक्त ते किती काटेकोर लावायचे यात फरक पडतो.

पहिला प्रश्न दृष्टीचा आहे. प्रत्यक्ष खेळण्याचा बहुतेक काळ आपण पात्राच्या डोळ्यांतून पाहतो का? अधूनमधून कॅमेरा बाहेर गेला तर त्याने बिघडत नाही. ‘हेलो’मध्ये वाहन चालवताना कॅमेरा वाहनाच्या मागे जातो, ‘ड्यूस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’मध्ये आडोशाला टेकल्यावर पात्र बाहेरून दिसते, तरीही या गेमच्या दृष्टीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ‘मॅक्स पेन’ किंवा ‘गिअर्स ऑफ वॉर’ यांत मात्र कॅमेरा सतत पात्राच्या मागे असतो. त्यांत गोळीबार कितीही असला तरी ते थर्ड-पर्सन शूटर आहेत आणि येथेच वगळावेत.

हा भेद केवळ दिसण्याचा आहे असे काहींना वाटते, पण खेळण्यावर त्याचा मोठा परिणाम होतो. कॅमेरा पाठीमागे आणि थोडा वर असला, की भिंतीआड उभा राहिलेला खेळाडू स्वतः न दिसता कोपऱ्यापलीकडचे पाहू शकतो. समोरून येणाऱ्याला तो दिसत नाही, त्याला मात्र येणाऱ्याची प्रत्येक हालचाल दिसते. डोळ्यांतून पाहणाऱ्या गेममध्ये ही सवलत नसते, कारण पाहायचे असेल तर डोके बाहेर काढावेच लागते. ‘पबजी’ मुळात थर्ड-पर्सन पद्धतीने खेळला जात असे आणि २०१७ मध्ये त्यात केवळ फर्स्ट-पर्सन दृष्टीचे स्वतंत्र सर्व्हर आले, त्यामागे हीच तक्रार होती. अशा गेमची नोंद करताना संपूर्ण गेमला एकच शिक्का न मारता मोडनिहाय, म्हणजे खेळण्याच्या प्रत्येक पद्धतीची वेगळी नोंद करावी. ‘जीटीए ५’चे प्रकरण वेगळे आहे. २०१३ मध्ये आलेल्या मूळ गेमला २०१४ च्या नव्या आवृत्तीत फर्स्ट-पर्सन दृष्टीचा पर्याय जोडला गेला, परंतु त्यातली शहरातली भटकंती, गाड्या आणि मोहिमा यांची आखणी बाहेरच्या कॅमेऱ्यासाठी झालेली होती. नंतर दिलेल्या एका पर्यायामुळे गेमचा प्रकार बदलत नाही.

दुसरा प्रश्न असा की नेम कोण धरतो. शूटरमध्ये निशाणा साधण्याचे काम खेळाडूच्या हाताने झाले पाहिजे. यंत्राने थोडी मदत केली म्हणून गेम बाद होत नाही, आणि या बाबतीत फार कडक राहू नये. १९९३ च्या मूळ ‘डूम’मध्ये वर-खाली पाहताच येत नव्हते, शत्रू उंचावर असला तरी खेळाडूने फक्त आडव्या दिशेने नेम जुळवायचा आणि उंचीचा हिशेब गेम स्वतः करायचा. ‘माउसने चारी दिशांना नेम धरता आला पाहिजे’ अशी अट घातली, तर ज्या गेमच्या नावावरून पुढची काही वर्षे या साऱ्या प्रकाराला ‘डूम क्लोन’ म्हटले जात होते, तोच यादीबाहेर जाईल. कंट्रोलरवर खेळल्या जाणाऱ्या गेममध्येही नेमाला बहुधा सौम्य साहाय्य दिलेले असते.

मदत कुठे संपते आणि गेम स्वतःच नेम धरायला कुठे लागतो, हे ‘फॉलआउट ३’मध्ये स्पष्ट दिसते. त्यातली व्हॅट्स ही प्रणाली सुरू केली की काळ थांबतो, शत्रूच्या डोके, हात, पाय अशा अवयवांवर गोळी लागण्याची टक्केवारी दिसते, खेळाडू त्यांतले लक्ष्य निवडतो आणि मग गेम स्वतःच गोळ्या झाडतो. प्रत्येक गोळीला ठरावीक कृतिगुण खर्च होतात. व्हॅट्स न वापरता खेळले तरी पात्राचे त्या शस्त्रातले कौशल्य कमी असेल, तर अचूक धरलेल्या नेमाचाही पूर्ण उपयोग होत नाही. म्हणजे येथे पात्राची परीक्षा आधी आणि हाताची नंतर. मी हा गेम भूमिका-प्रधान प्रकारात ठेवतो आणि शूटरच्या यादीतून वगळतो.

‘मेट्रॉइड प्राइम’ याहून नाजूक आहे. २००२ च्या मूळ गेममध्ये एक बटण दाबून धरले की नेम शत्रूवर खिळतो आणि खेळाडूने त्याच्याभोवती फिरत योग्य वेळी मारा करायचा असतो. शिवाय भिंती, यंत्रे, शिलालेख स्कॅन करून वाट शोधणे आणि नवी क्षमता मिळाल्यावर जुन्या जागी परतणे यांतच बराच वेळ जातो. नेम धरण्याचे कौशल्य येथे दुय्यम राहते. २०२३ च्या नव्या आवृत्तीत कंट्रोलरच्या दोन्ही स्टिक वापरून, एकीने चालत आणि दुसरीने नेम धरत खेळण्याची सोय आली आणि हाताळणी शूटरच्या जवळ गेली, पण जगाची रचना जुनीच राहिली.

तिसरा प्रश्न हालचालीचा असून तो लवकर सुटतो. खेळाडू स्वतःच्या मर्जीने पुढे, मागे, बाजूला जाऊ शकतो का? सेगाचा १९९४ चा ‘व्हर्चुआ कॉप’ किंवा नामकोचा १९९५ चा ‘टाइम क्रायसिस’ यांत दृष्टी फर्स्ट-पर्सन आहे, नेम खेळाडूच्याच हातात आहे आणि गोळीबाराशिवाय दुसरे काम नाही. पण पुढचा रस्ता गेमने आधीच आखलेला असतो. ‘टाइम क्रायसिस’मध्ये पायाखालचे पेडल दाबून आडोशातून बाहेर यायचे आणि सोडून लपायचे, एवढीच हालचाल खेळाडूच्या हाती आहे. हे रेल शूटर होत. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर उपकरण चढवून खेळायच्या आभासी वास्तवात, मात्र हा निकष थोडा सैल करावा लागतो, कारण तिथे एकाच जागी उभा असलेला खेळाडू खरोखर वाकून, सरकून गोळ्या चुकवतो. ‘हाफ-लाइफ: अलिक्स’मध्ये उडी घेतल्यासारखे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचा पर्याय आहे, म्हणून त्याला रेल शूटर म्हणणे हास्यास्पद ठरेल.

गोळी म्हणजे बंदुकीचीच गोळी असे धरू नये. १९९४ च्या ‘हेरेटिक’मध्ये जादूची कांडी आणि क्रॉसबो आहे, १९९६ च्या ‘चेक्स क्वेस्ट’मध्ये शत्रू मरत नाहीत, तर त्यांच्या स्वतःच्या जगात परत पाठवले जातात, दोन्ही निःसंशय शूटर आहेत. रक्त किती सांडते याचा प्रकाराशी संबंध नाही. मात्र समोर प्रतिकार करणारे काहीतरी असावे लागते. ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’मध्ये डोळ्यांतून पाहायचे, नळीचा नेम धरायचा, मोकळे फिरायचे, आणि तरी भिंतीवरचा मळ उलट हल्ला करत नाही.

आता शेवटचा आणि निर्णायक प्रश्न: पुढे जाण्याचे मुख्य साधन गोळीबार आहे का? वरच्या सगळ्या कसोट्या पार करणारे कितीतरी गेम इथे गळतात, आणि ते योग्यच आहे. ‘स्कायरिम’मध्ये धनुष्य आहे, ‘माइनक्राफ्ट’मध्येही आहे, ते काढून टाकले तरी दोन्ही गेम जवळजवळ तसेच राहतात. ‘मिरर्स एज’मध्ये शत्रूची बंदूक हिसकावून घेता येते, पण मोठी बंदूक हातात असली की धावण्याचा वेग आणि चपळाई जाते, आणि कोणावरही गोळी न झाडता गेम पूर्ण करणाऱ्याला वेगळा बहुमान मिळतो. गेम स्वतःच बंदूक टाकून द्यायला सांगत असेल, तर त्याला शूटर म्हणण्याचा आग्रह आपण का धरावा?

‘पोर्टल’ याच कारणाने बाहेर राहतो. तो ‘हाफ-लाइफ २’च्याच सोर्स इंजिनवर, म्हणजे त्याच मूळ सॉफ्टवेअरवर बनला, ‘टीम फोर्ट्रेस २’सोबत एकाच संचात २००७ मध्ये विकला गेला, आणि हाताळणीही तीच आहे. पण त्यातल्या उपकरणातून सुटणारा मारा कोणाला इजा करत नाही, तो भिंतीवर दार उघडतो. टरेट, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी यंत्रे, समोर आली तर खेळाडू त्यांच्यावर उलट गोळीबार करत नाही. वरून दार उघडून त्यांच्यावर एखादा ठोकळा पाडतो किंवा मागून जाऊन त्यांना आडवे करतो. विचार करायचा तो जागेचा आणि वेगाचा. हा कोड्यांचा गेम आहे.

‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’चे उदाहरण त्याहून बोलके आहे, कारण तिथे बाण खरोखर वारंवार सोडले जातात. मात्र पाण्याचा बाण मशाल विझवण्यासाठी असतो आणि शेवाळाचा बाण दगडी फरशीवर पावलांचा आवाज दाबण्यासाठी. नेम पहारेकऱ्यावर कमी आणि उजेडावर जास्त धरला जातो. समोरासमोरची झुंज खेळाडूला सहसा महागात पडते. हा गुप्तसंचाराचा गेम मानावा.

दुसऱ्या बाजूला, इतर घटक मिसळले म्हणून गेम बाद करू नये. ‘हाफ-लाइफ’मध्ये कोडी आहेत, ‘बायोशॉक’मध्ये हातातून वीज आणि आग सोडता येते, ‘बॉर्डरलँड्स’मध्ये पातळ्या आणि गुण वाढवावे लागतात, पण तिन्हींत वाट मोकळी होते ती मुख्यतः मारा करूनच. ‘ओव्हरवॉच’मधला राइनहार्ट हातोडा घेऊन लढतो, म्हणून तो संपूर्ण गेम बाहेर जात नाही. ‘सुपरहॉट’मध्ये खेळाडू हलला तरच काळ पुढे सरकतो, त्यामुळे काहीजण त्याला कोडे म्हणतात, मला ते पटत नाही, कारण त्यातले प्रत्येक कोडे शत्रूंना टिपूनच सुटते. एका गेमला दोन नावे लावायला हरकत नसावी.

२००० चा ‘ड्यूस एक्स’ मात्र मला अजूनही अडवतो. त्यात शस्त्राचे प्रशिक्षण कमी असले, तर नेमाच्या रेषा दूर फाकलेल्या राहतात आणि स्थिर उभे राहिल्यावरच हळूहळू जवळ येतात. ज्या दारातून एक खेळाडू गोळीबार करत आत शिरतो, ते दुसरा कुलूप उघडून, तिसरा संगणकातून आणि चौथा हवेच्या झडपेतून ओलांडतो. काटेकोर यादीत तो बसत नाही. व्यापक यादीत ‘सीमेवरचा’ अशी खूण करून तो ठेवावा.

या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीवरून किंवा दुकानातल्या टॅगवरून काढू नयेत. ट्रेलरमधला कॅमेरा खेळातला नसतो, आणि टॅग लावणाऱ्यांचे निकष एकसारखे नसतात. गेमच्या मध्यावरचे, काटछाट न केलेले अर्ध्या तासाचे खेळणे पाहावे. सुरुवात पाहणे फसवे असते. ‘हाफ-लाइफ’च्या आरंभी खेळाडू बराच वेळ नुसता रेल्वेच्या डब्यात बसून प्रयोगशाळा पाहतो. त्या अर्ध्या तासात शस्त्र किती वेळ वापरात आहे, खेळाडू अडला तर कशामुळे अडतो आणि त्याला बक्षीस कशाचे मिळते, हे टिपून घ्यावे. नेम चुकल्यामुळे किंवा चुकीच्या जागी उभे राहिल्यामुळे तो हरत असेल, तर गेम शूटर असण्याची शक्यता मोठी आहे. वाट न सापडल्याने, संवादात चुकीचा पर्याय निवडल्याने किंवा पात्राची पातळी कमी पडल्याने अडत असेल, तर प्रकार दुसरा आहे.

निर्णय झाल्यावर गेमच्या नावापुढे वर्ष, आवृत्ती, मोड आणि एका ओळीचे कारण लिहून ठेवावे. ‘मेट्रॉइड प्राइम’ची २००२ आणि २०२३ ची नोंद वेगवेगळी करावी, ‘पबजी’चे दोन्ही मोड स्वतंत्र ओळींत लिहावेत, आणि ‘सीमेवरचा’ हा रकाना फार लांबत चालला, तर शेवटचा प्रश्न पुरेसा नेटाने विचारला गेलेला नाही असे समजून त्या नोंदी पुन्हा तपासाव्यात.