स्क्रोल सॉवर तान्ह्या पोळ्याचा नंदी कापताय? या चुका टाळा

पोळ्याला महिना-दोन महिने उरले की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात पोट्ट्यांची भुणभुण सुरू होते, नंदी पाहिजे. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी बैल, म्हणजे नंदी, मिरवायचा सण. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यातले मोठमोठे नंदी मुरलेल्या कारागिराच्या हातचे असतात. पण वीतभर उंचीचा, दोरी बांधून ओढायचा नंदी घरच्या पडवीत, साध्या स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पातं वर-खाली चालवून नक्षी कापणाऱ्या विजेच्या करवतीवर, उत्तम निघतो. या छंदाला पैसा बेताचा लागतो. तो कुठे वाचवायचा आणि कुठे वाचवायचा नाही, एवढं आधी कळलं पाहिजे.

मशीन घेताना सगळे मोटर बघतात, पातं कुणी बघत नाही. स्वस्त मशीनपैकी काहींमध्ये फक्त पिनवालं पातं बसतं, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी बारीक कांडी असलेलं. आतली जाळी कापायला पातं भोकातून ओवावं लागतं आणि ती कांडी जाईल एवढं मोठं भोक पाडलं की बारीक नक्षी गेलीच. बिनपिनच्या पात्याला दीड-दोन मिलिमीटरचं भोक पुरतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: बिनपिनचं पातं बसतं का? दुसरा प्रश्न, वेग कमी-जास्त होतो का? मशीनचा घसा, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची जागा, 16 इंचांचा असला की घरगुती कामाला भरपूर झाला.

पात्यात काटकसर करू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, माझंही इथेच झालं. तुटत नाही तोवर एकच पातं चालवायचं, अशी आपली सवय. पण पातं तुटायच्या बरंच आधी बोथट होतं. मग लाकूड जोरानं रेटावं लागतं, रेघ सुटते, कड करपून काळी पडते आणि चांगला सागवानाचा तुकडा वाया जातो. सागवानात सिलिका असते, प्लायमध्ये गोंदाचे थर असतात. दोन्ही पात्याची धार लवकर खातात. रेटावं लागतंय असं वाटलं की पातं बदला. लाकडावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी लावून कापलं तर करपणं पुष्कळ कमी होतं.

सुरुवातीला दोनच प्रकारची पाती पुरतात (नंबर मोठा तसं पातं जाड): 6 मिलिमीटर प्लायला 3 नंबर, 18 मिलिमीटर लाकडाला 5 नंबर. दात खाली, टेबलाकडे तोंड करून बसवायचे. उलटं बसलं तर लाकूड टेबलावर उड्या मारतं. ताण तपासायला पातं बोटानं तारेसारखं छेडा. टणकन स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज बोदा आला तर पातं सैल आहे आणि जाड लाकडात काप सरळ न जाता मधे पोट काढतो. पातं चिमट्यातून सारखं निसटत असेल तर स्क्रू आवळत सुटू नका. नव्या पात्याच्या टोकांना तेल असतं, ते रेती कागदानं पुसून काढा.

काप एका बाजूला ओढला जातो म्हणून मशीन खराब आहे असं समजू नका. पात्याला बनवतानाच एका अंगाला धातूची बारीक खरबरीत कड राहते, ते थोडं त्या अंगाला ओढणारच. लाकूड किंचित तिरपं धरून ढकला, दोन दिवसांत हाताला सवय होते.

टेबल काटकोनात आहे का, हे गुण्या नसला तरी कळतं. इंचभर जाड तुकड्यात पुढून थोडा काप घ्या, मशीन बंद करा आणि तोच तुकडा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूनं लावा. पातं त्या कापात सरळ शिरलं तर टेबल बरोबर आहे.

पाय मोडका नंदी

लाकूड विकत घेऊ नका. गावातल्या वाढईदादांकडे सागवानाचे, शिवणीचे उरलेले तुकडे पडलेले असतात. शिवण हलकी आणि मऊ, नवख्याला सोपी जाते. शेतातल्या कडुनिंबाची ओली फांदी मात्र लगेच कापायला घेऊ नका, वाळताना ती तडकते. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत वाळायला साधारण वर्ष लागतं.

नंदीचे पाय आणि शिंगं मोडतात ती रेषांमुळे. लाकडाच्या रेषा पायात उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर पोरगा अंगणात पोचायच्या आत पाय तुटतो. शिंगांची दिशा वेगळी असल्यानं ती निराळी कापून भोकात फेविकोलनं बसवा. पायांमधली जागा आधी कापायची, बाहेरचा आकार शेवटी, म्हणजे धरायला लाकूड शिल्लक राहतं. छापील चित्र थेट लाकडावर फेविकोलनं डकवू नका, निघता निघत नाही. आधी मास्किंग टेप, तिच्यावर कागद.

लाइन गेली की आधी बटन बंद

ही चूक बोटावर बेतते. कापता कापता लाइन जाते, आपण रिकामा वेळ म्हणून पातं ओवायला घेतो आणि तेवढ्यात लाइन येते. बटन चालूच असतं. त्यामुळे लाइन गेली की बटन बंद, पातं बदलताना प्लग बाहेर, ही शिस्त घरातल्या मुलांनाही लावा. संध्याकाळी होल्टेज पडलं की मोटर गुरगुरते आणि तापते. तेव्हा काम थांबवा, सकाळी करा. बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेंशन वापरलं तर होल्टेज आणखी पडतं.

मशीन लाकडी खाटेवर ठेवून चालवू नका, थरथरीनं रेघ हलते. जड टेबलाला बोल्टनं आवळा आणि पायांखाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे द्या. तोंडाला एन-95 मास्क हवाच, रुमाल पुरत नाही. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाचं कारण ठरलेली आहे, आणि सागवानाची धूळ कित्येकांच्या अंगाला खाज आणते.

चाकं करताना ऋतू लक्षात ठेवा. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात लाकूड आक्रसलेलं असतं, तेव्हा घट्ट बसवलेला लाकडी आस श्रावणाच्या ओलीत फुगतो. चाकाचं भोक मात्र रेषांच्या दिशेनं जवळजवळ वाढतच नाही, म्हणून आस आत आवळला जातो आणि ऐन तान्ह्या पोळ्याला चाक फिरत नाही. 6 मिलिमीटरच्या आसाला 7 मिलिमीटरचं भोक ठेवा आणि आसावर थोडं मेण घासा. चाक हातानं फिरवून सोडलं की दोन-तीन फेरे मोकळं फिरलं पाहिजे.