कूलर बंद करा, मग पिक्चर लावा: छोट्या भयपटांवर लिहू पाहणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एका सत्तर मिनिटांच्या मराठी भयपटावर लिहिलं होतं, "आवाज कमजोर, मधला अर्धा तास रिकामा." दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, उमरेडकडचा. चिडला नव्हता. एवढंच विचारलं त्याने, "ताई, पाहताना कूलर सुरू होता का जी?"

होता. नागपुरात मानेवाड्याला वरच्या मजल्यावर माझी खोली, बाहेर पंचेचाळीस डिग्री, खिडकीला लोखंडी कूलर. त्या रात्री दोन वाजता कूलर बंद करून, हेडफोन लावून, घाम पुसत मी तोच पिक्चर पुन्हा पाहिला. ज्याला मी रिकामा अर्धा तास म्हटलं होतं, त्यात भिंतीपलीकडे कुणीतरी पाट्यावर काहीतरी वाटत होतं. अगदी बारीक आवाज. सुनेला ऐकू येतो, सासूला येत नाही. सगळा पिक्चर त्या एका आवाजावर उभा होता. मी परीक्षण नव्याने लिहिलं आणि आधीचं का चुकलं ते पहिल्याच ओळीत सांगितलं.

पोटापाण्यासाठी मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. अकरा वर्षं झाली. त्याच्या जोडीला रात्री हे पिक्चर पाहते आणि त्यांच्यावर लिहिते: दोन-पाच लाखांत, मित्रांच्या मदतीने, मामाच्या वाड्यात केलेले भयपट आणि थ्रिलर. यांच्यावर मोठी वर्तमानपत्रं लिहीत नाहीत. चार ओळी नीट लिहिल्या तर पन्नास लोक पाहतात, चार ओळी आळसाने लिहिल्या तर ते पन्नासही जातात. म्हणून यात नव्याने उतरणाऱ्यांना माझी पद्धत सांगते.

पाहायचं कसं

रात्री, दिवे घालवून, हेडफोन लावून. उन्हाळा असेल तर कूलर बंद. जमत नसेल तर पहाटे चारला उठा, तेव्हा नागपुरातही कूलरशिवाय तासभर बसता येतं. टीव्हीवर पाहत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन चित्र गुळगुळीत करणारा 'मोशन'चा पर्याय बंद करा. तो सुरू असला की चांगला पिक्चरही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो, आणि दोष मात्र कॅमेरामनच्या माथी जातो.

अंधाराबद्दल विशेष सांगायचंय, कारण भयपटात निम्मी गोष्ट अंधारातच घडते. काळ्या भागात चौकोन किंवा पट्टे दिसले तर लगेच "छायाचित्रण वाईट" लिहू नका. नेट मंद असलं की प्लॅटफॉर्म हलक्या दर्जाचं चित्र पाठवतो, आणि सगळ्यात आधी अंधारच फाटतो. दिग्दर्शकाकडे डाउनलोड करता येणारी फाइल मागा, तोच प्रसंग त्यात पाहा. चौकोन गेले तर दोष नेटचा होता. त्याजागी सगळीकडे वळवळणारी रंगीत वाळू दिसली, तर मात्र कमी उजेडात कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ताणलेला आहे. हे मी रोज पाहते. लॉनवरच्या लग्नात लाइट गेले की माझ्या फुटेजमध्येही अशीच वाळू येते.

पहिल्यांदा पाहताना काही लिहू नका, फक्त एक करा: मोबाइलकडे हात गेला ती वेळ टिपून ठेवा. बाविसाव्या मिनिटाला हात गेला, एक्केचाळिसाव्याला गेला. दुसऱ्यांदा पाहताना त्या जागा तपासा. पकड तिथेच सुटलेली असते, आणि का सुटली ते बहुतेक वेळा त्याच्या दोन मिनिटं आधी सापडतं. दचकवणारे प्रसंग दुसऱ्या वेळी आवाज बंद करून पाहा. नुसत्या चित्रात काहीच उरत नसेल, तर तुम्हाला ढोलाच्या धाडकन आवाजाने दचकवलं होतं. तसं तर कुणी कानाजवळ पत्र्याचा डबा आपटला तरी आपण दचकतो.

पैसा कुठे कमी पडला, विचार कुठे कमी पडला

या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगणं हेच आपलं खरं काम आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

काही गोष्टींना पैसा लागतोच: रात्रीचे मोठे दिवे, जनरेटर, गर्दी, कॉम्प्युटरवरचे इफेक्ट, चांगला साउंड रेकॉर्डिस्ट. त्यांची उणीव दिसली तर एका वाक्यात नोंदवा आणि पुढे जा. कॅमेरा कुठे थांबवायचा, प्रसंग कधी तोडायचा, कोण गप्प राहील, पात्रं कुठली बोली बोलतील, याला मात्र एक रुपयाही लागत नाही. तिथे ढिलाई दिसली तर अजिबात सूट देऊ नका.

बोलीचं उदाहरण देते. मागे एक पिक्चर पाहिला, गोष्ट भंडाऱ्याकडच्या गावातली. म्हातारी पडवीत बसून नातवाला म्हणते, "अरे, तू तिकडे का बरं गेला होतास?" आमच्याकडची आजी म्हणेल, "काहून गेलता बे तिकडं?" त्या एका वाक्याने गाव खोटं पडलं. खोट्या गावातल्या भुताला कोण भिणार? गावातल्याच एखाद्या बाईला संवाद वाचायला दिले असते तर तिने चहावर दुरुस्त करून दिले असते.

आणि हे दुसऱ्या टोकाचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. तिघा मुलांनी त्या खऱ्या मिरवणुकीत छोटा कॅमेरा नेला. काळी मारबत डोक्यांवरून सरकत येतेय, हजारो लोक "घेऊन जा गे मारबत" ओरडताहेत, आणि त्यांची नटी त्या गर्दीत एकटीच तोंड मिटून उभी आहे. एवढाच शॉट. ज्याच्या घरातली पीडा जायला तयार नाही, त्या माणसाचा चेहरा होता तो. एवढी गर्दी जमवायला मोठ्या निर्मात्याला लाखो रुपये लागले असते. हे मी परीक्षणात तीन परिच्छेद लिहिलं, कारण तिथे डोकं चाललं होतं आणि ते कसं चाललं हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

जुन्या पिक्चरांची उदाहरणंही याच नजरेने वापरा. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, सात दिवसांत शूट केला, हे सगळेच लिहितात. त्याने भीती कशी वाटते ते लिहा. कॅमेरा स्टँडवर ठेवलाय, झोपलेलं जोडपं एका बाजूला, उघडं दार दुसऱ्या बाजूला, कोपऱ्यात वेळ पळतेय. कॅमेरा हलत नाही म्हणून कुठे पाहायचं ते कुणी सांगत नाही. आपणच दार, पांघरूण, भिंत असं शोधत बसतो आणि स्वतःच घाबरतो. स्टँडचा खर्च तो किती! सॅम रेमी यांनी १९८१ च्या 'द इव्हिल डेड'मध्ये कॅमेरा लाकडी फळीला बांधला आणि दोघांना फळी धरून जंगलातून पळायला लावलं. जपानी 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) ३० लाख येनमध्ये झाला. त्याची पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे, आणि त्यात काही गोष्टी चुकल्यासारख्या वाटतात. त्या का ते मी सांगणार नाही. पिक्चर संपायच्या आत मत बनवू नका, एवढंच.

आपल्याकडचा 'लपाछपी' (२०१७) पाहा. उसाचा फड. दोन्ही बाजूंनी उंच ऊस, वाट कुठली ते कळत नाही. शहरात सेट लावून चक्रव्यूह बांधायला गेलात तर दमछाक होईल, इथे तो शेतकऱ्याने आधीच लावून ठेवलाय. त्याचे दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी पुढे २०२१ मध्ये त्यावरून हिंदीत 'छोरी' केला. दोन्ही पाठोपाठ पाहिलेत तर परीक्षण लिहिण्याचा उत्तम सराव होतो.

'तुंबाड' (२०१८) काही दोन-पाच लाखांतला नाही, पण त्याची सुरुवात आपल्या विदर्भातली आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने नारायण धारपांची एक गोष्ट ऐकवली, तिथून बीज पडलं. नागझिरा आमच्यापासून काही तासांवर. इथल्या मुलांनी "आमच्याकडे लोकेशनच नाही" म्हटलं की मी त्यांना ही हकिकत सांगते.

एक गोष्ट मात्र पैशाची नाही आणि कौशल्याचीही नाही. गावातली एकटी म्हातारी, विधवा बाई, पारध्याची पोर, हिलाच चेटकीण दाखवून मोकळं होणारे पिक्चर अजून येतात. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच झालेला नाही. संशयावरून माणसं मारली गेली आहेत. भुताची गोष्ट सांगायला काहीच हरकत नाही, मला तर ती लागतेच. पण पिक्चर कुणाकडे बोट दाखवून घाबरवतो ते परीक्षणात लिहा. कितीही सुंदर शूट केलेला असो.

लिहिताना

पहिल्या परिच्छेदात लांबी, भाषा, कुठे पाहायला मिळेल, फुकट की भाड्याने, हे येऊ द्या. सेन्सॉर झाला असेल तर प्रमाणपत्र लिहा. २०२४ पासून यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत आणि आई-वडिलांना ते उपयोगी पडतात. स्टार मी देत नाही. तीन स्टार दिसले की लोक खालचं वाचत नाहीत.

गोष्ट किती सांगायची? पहिल्या वीस मिनिटांपलीकडची नाही. थ्रिलरबाबत आणखी एक पथ्य पाळा: "शेवटी मोठा धक्का आहे" हेही लिहू नका. वाचणारा पहिल्या मिनिटापासून धक्का शोधत बसतो आणि पोलिसाच्या बायकोवर संशय घेऊन मोकळा होतो.

नटांच्या रूपावर, रंगावर, जाडीवर एक शब्द नको. यातले बरेच जण पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेले असतात, कुणी बँकेत कामाला असतं, कुणी शाळेत. अभिनय फसला तर कुठल्या प्रसंगात, कसा, ते सांगा: रडताना आवाज चढतो पण श्वास तोच राहतो, वगैरे. त्यातून त्या माणसाला काहीतरी हाताला लागतं.

नागपूर मोठं झालं तरी या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. धरमपेठेत चहा प्यायला गेलं तरी कुणाचा तरी असिस्टंट भेटतो. ज्या पिक्चरचं एडिटिंग मी केलं किंवा ज्याला माझी हार्ड डिस्क दिली, त्यावर मी लिहीत नाही. ओळख असेल तर तसं वरच सांगते.

बातमी देताना

इथे चूक पटकन होते. घोषणा, शूटिंग सुरू, शूटिंग पूर्ण, विक्री, प्रदर्शन या पाच वेगळ्या बातम्या आहेत. "लवकरच येतोय" लिहिलेलं पोस्टर ही फक्त घोषणा आहे. पिक्चर अजून लिहिलाही नसेल. फोन करा, विचारा: किती दिवस शूट झालं, साउंड कोण करतंय? उत्तर अडखळलं की समजून घ्या, आणि बातमीत "घोषणा केली" एवढंच लिहा.

पोस्टरवर महोत्सवाच्या नावाभोवती काढलेल्या पानांच्या वेलींना भुलू नका. दर महिन्याला ऑनलाइन "महोत्सव" भरवून फी घेऊन पुरस्कार वाटणारे भरपूर आहेत. प्रत्यक्ष थिएटरात दाखवतात का, परीक्षक कोण, मागच्या वर्षी कुठले पिक्चर होते, हे तपासा. भयपटांसाठी स्पेनमधलं सिट्जेस किंवा मॉन्ट्रियलचं फँटेशिया इथे निवड झाली तर ती ठळक बातमी. प्रवेशिका पाठवली म्हणजे निवड झाली असं होत नाही, हाही घोळ मी छापलेला पाहिलाय.

बजेटचा आकडा लिहिताना तो कशाचा ते विचारा. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'चे १५ हजार डॉलर हे मूळ पिक्चरचे. २००९ मध्ये तो सगळीकडे लागण्याआधी स्टुडिओने शेवट बदलला, जाहिरात केली, तो खर्च वेगळा. आपल्याकडेही "पिक्चर दोन लाखांत केला" म्हणणाऱ्याने कॅमेरा उसना घेतलेला असतो आणि कुणालाच मानधन दिलेलं नसतं. तेही लिहा, नाहीतर पुढचा मुलगा दोन लाख घेऊन निघतो आणि मधेच अडकतो.

"सत्य घटनेवर आधारित" हे वाक्य स्वतःच्या नावावर घेऊ नका. १९९९ मध्ये 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'च्या वेळी त्यातले कलाकार खरोखर बेपत्ता आहेत असाच प्रचार केला गेला होता, आणि पुष्कळांनी तो खरा मानला. "निर्मात्यांचा दावा आहे" असं लिहा आणि गावाचं नाव दिलं असेल तर तिथे कुणाला तरी विचारा.

पाहायला दिलेली खासगी लिंक भावालाही पाठवायची नाही. ओळखीतल्या एका मुलाचा पिक्चर प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी टेलिग्रामवर फिरला. लिंक कुणाला दिली होती त्याचं नाव चित्रावर उमटलेलं होतं, ते सगळ्यांना दिसलं. तो घेणारा प्लॅटफॉर्म मागे सरला.

माझ्याकडे एक जाड वही आहे. ज्या ज्या पिक्चरची घोषणा मी छापली तो तारखेसकट तिच्यात लिहिलाय. दरवर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी तर्री पोहे खाऊन मी ती घेऊन बसते आणि जे आले नाहीत त्यांना एकेक फोन लावते. कुणी म्हणतं पैसे संपले, कुणी म्हणतं हिरोचं लग्न झालं, तो पुण्याला गेला. गेल्या वर्षी नागपूरजवळच्या वाडीच्या एकाने सांगितलं, पूर्ण झालाय ताई, फक्त आवाजाचं काम राहिलंय, डिस्क कपाटात आहे. मी त्याची चार ओळींची बातमी केली: पिक्चर पूर्ण, आवाजासाठी माणूस हवा. सोमवारी दोघांचे फोन आले.