जळगाव ते लंडन: अंतराचा आणि वेळेचा हिशेब घरच्या घरी कसा मांडावा

भाच्याचं जुलैतलं तिकीट आईने चष्मा लावून वाचलं. मुंबईहून दुपारी २ ला निघणार, लंडनला संध्याकाळी ७.३० ला उतरणार. "माय वं, साडेपाच तासच? एवढे तर एसटीने नाशिकला जायला लागतात!"

तिकिटावरच्या वेळा ज्या-त्या गावच्या असतात, सगळी गंमत तिथे आहे. म्हणून आधी दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. म्हणजे जुलैत तिथले संध्याकाळचे ७.३० म्हणजे आपले रात्रीचे १२. प्रवास झाला १० तासांचा. परतीला उलटं करायचं: तिथून रात्री ९.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबईत, म्हणजे दिसायला साडेतेरा तास. त्यातून साडेचार वजा केले की उरले ९. येताना तास कमी लागतो, कारण त्या उंचीवरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, गोल पृथ्वी सपाट केली की अंतरं बिघडतात. पोरांचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. आधी दोरा विषुववृत्तावर गुंडाळून मोजा. आमच्या ३० सेंमी व्यासाच्या गोलावर तो ९४ सेंमी भरला. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी, म्हणजे १ सेंमीला सुमारे ४२५ किमी. मग मुंबई आणि लंडनवर बोटं ठेवून दोरा ताणा. १७ सेंमी, म्हणजे ७,२०० किमीच्या आसपास. दोरा ताणला की तो आपोआप उत्तरेला सरकतो, अर्ध्या वाटेवर जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळून जातो. आईला हे खरंच वाटेना, तिने स्वतः दोनदा ताणून पाहिला.

वेग ताशी ८५० किमी धरला तर साडेआठ तास, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरून नऊ. मग तिकिटावर दहा का? एक तर जाताना वारा समोरून. दुसरं म्हणजे तोच दोरा पुढे युक्रेनवरून जातो, आणि २०२२ पासून ते आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. वळसा घ्यावा लागतो.

इथवर सोपं. खरा घोळ जळगाव ते मुंबईचा, रेल्वेने सुमारे ४२० किमी. हिशेब मागून पुढे करा: विमान २ ला, विमानतळावर तीन तास आधी म्हणजे ११ ला. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी कधी अडकेल सांगता येत नाही, म्हणून सकाळची गाडी धरण्याचं धाडस मी करणार नाही. रात्रीचीच धरा, पहाटे दादरला उतरा, तिथून टॅक्सी. घरातून रात्री १० ला बाहेर. म्हणजे विमान सुटेपर्यंतच १६ तास गेले आणि पुढच्या ७,२०० किमीला १०. एकूण २६.

उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यात आणखी दीडेक तास धरा. भाच्याचा "पोहोचलो" असा फोन येईल तेव्हा जळगावात रात्रीचे दीड वाजलेले असतील. फोन उशाशी ठेवा, आवाज चालू करून.