वाचनालयाच्या डेस्कटॉपवर वेब सर्व्हर

आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी सभासदांना मोबाइलवर दिसावी, एवढ्यासाठी मी कपाटाआडच्या जुन्या डेस्कटॉपवर सर्व्हर चालवते. 2 जीबी रॅम, डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार). बाहेरच्या इंटरनेटला तो दिसत नाही, फक्त आमच्या वायफायवर. शिकायला हेच बरं. काही बिघडलं तरी गावभर होत नाही.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) द्यायच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. ‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवा. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.

‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनजिनएक्स’. एनजिनएक्स म्हणजे ब्राउझरने मागितलेलं पान पाठवणारा वेब सर्व्हर; स्पेलिंग एन, जी, आय, एन, एक्स एवढंच. इगोर सिसोएव यांनी 2004 साली हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. 1995 पासूनचं अपाची हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही उत्तम, पण दोन्ही एकदम टाकू नका. दोघांनाही पोर्ट 80 (ब्राउझरच्या विनंत्या येतात ते ठरलेलं दार) हवा असतो. जो आधी बसला त्याचा, दुसरा सुरूच होत नाही.

डेबियनवर इन्स्टॉल संपलं की सर्व्हर आपोआप चालू होतो. त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाका, स्वागताचं पान दिसेल. आता ‘होस्टनेम -आय’ (हा आय मात्र मोठा). बहुधा 192.168 ने सुरू होणारा आकडा येईल, तोच या मशीनचा वायफायवरचा पत्ता. तो फोनच्या ब्राउझरमध्ये पुढे एचटीटीपी लावून टाका, एस नको.

तुमची पानं व्हार, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यात एचटीएमएल या फोल्डरमध्ये ठेवायची. मुख्य फाइलचं नाव इंडेक्स.एचटीएमएल. पानाच्या ‘हेड’मध्ये मेटा टॅग देऊन कॅरसेट (अक्षरांची संकेतपद्धत) यूटीएफ-8 लिहाच. नाहीतर मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हांचा खच पडतो आणि लोक फॉन्टला दोष देत बसतात.

नवशिक्यांना कुणी आवर्जून सांगत नाही ती गोष्ट म्हणजे लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांची नोंदवही. ‘सुडो टेल -एफ’ आणि पुढे व्हार, लॉग, एनजिनएक्स या वाटेवरची ॲक्सेस.लॉग फाइल. हे चालू ठेवून फोनवर पान उघडा. ओळ उमटलीच नाही, तर विनंती मशीनपर्यंत पोचलेली नाही. सर्व्हरची सेटिंग उचकू नका. फोन मोबाइल डेटावर आहे का, गेस्ट वायफायवर आहे का, ते बघा. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल (येणाऱ्या विनंत्या अडवणारी भिंत) टाकली असेल तर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाव 80/टीसीपी’. ओळ आली आणि त्यात 404 हा उत्तराचा कोड असेल तर नाव किंवा जागा चुकली; लिनक्सला मोठं अक्षर वेगळं, लहान वेगळं. 403 म्हणजे वाचायची परवानगी नाही: फाइलला 644, फोल्डरला 755 हे परवानगीचे आकडे द्या. फोल्डरमध्ये इंडेक्सची फाइलच नसली तरीही 403 येतो.

सेटिंगला हात लावलात तर आधी ‘सुडो एनजिनएक्स -टी’. चूक कुठल्या ओळीत आहे ते तो सांगतो. निर्वाळा मिळाला की ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’.

राउटर मशीनला उद्या दुसराच पत्ता देऊ शकतो. म्हणून राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये आताचा पत्ता राखून ठेवा. टेबलावर चिकटवायचा क्यूआर कोड त्यानंतरच छापा.