लाकडासाठी कोयता घेताय? या चुका टाळा

रानात मुक्कामाला चुलीपुरतं सरपण फोडायला स्वस्तातलं मोठं पातं हवं असेल, तर आपल्याकडे पाट्याच्या कोयत्यासारखं दुसरं काही नाही. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा तापवून, ठोकून घडवलेलं हे पातं असतं. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो. म्हणून ते धारही धरतं आणि दणकाही सोसतं. आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडे ते डोळ्यांसमोर घडवून मिळतं. तरीही नवशिके चुकतात, आणि चुका त्याच त्याच असतात.

चकाकी बघून घेणं. काळा रंग, पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत काड्यापेटी ठेवायची सोय, असं पातं लाकूड फोडायला घेऊच नका. मूठ पोकळ म्हणजे पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, तोंडाशीच संपलेली, नाहीतर बारीक आटे पाडून नटाने आवळलेली. घावाचा सगळा झटका त्या सांध्यावर येतो. सांधा तुटला की पातं सुटून उडतं, आणि समोर लाकूड धरून बसलेला माणूस हातभर अंतरावर असतो.

चांगल्या कोयत्याची शेपटी तापवून मुठीत ठोकलेली असते. ती मुठीच्या आरपार जाऊन मागच्या टोकाला वाकवलेली दिसते, आणि पात्याकडच्या तोंडाला लोखंडी कडी घट्ट बसलेली असते. घेताना मूठ कानाशी धरून पाठीवर बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत यायला हवा. खुळखुळला तर दुकानातच परत ठेवा. मूठ बाभळीची किंवा तिवसाची घ्या. लाकडाचे रेषे मुठीच्या लांबीने गेलेले हवेत, आडवे रेषे असतील तर ती चिरणारच. पाइप वेल्ड करून केलेली मूठ स्वस्त पडते, पण अर्ध्या तासात मनगट झिणझिणायला लागतं.

उसाचा कोयता लाकडाला लावणं. ते पातं पातळ असतं. सुक्या बाभळीवर त्याची धार दुमडते किंवा टवका उडतो. लाकडासाठी पाठ 5 ते 6 मिलिमीटर जाड, पातं 25 ते 30 सेंटिमीटर लांब आणि वजन पाऊण किलोच्या आसपास हवं.

पाणी न तपासणं. पाणी म्हणजे धार कडक करायला लोहार पातं बुडवतो ते. पाणी जास्त लागलं तर धार काचेसारखी तुटते, कमी लागलं तर शिशासारखी दबते. खिशात जुनी कानस ठेवा आणि धारेवर हलकी ओढून बघा. सुळकन घसरली तर धार फार कडक आहे. खिळ्यावर लागते तशी सहज लागली तर मऊ आहे. जोर दिल्यावर जेमतेम लागली तर बरोबर. पाठीवर मात्र ती सहज लागायला हवी, पाठ मऊच असावी लागते. केसासारखी भेग आहे का हेही बघा. पात्यावर रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. भेग असेल तर आतलं रॉकेल पाझरून ओली रेघ उमटते.

ग्राइंडरने धार लावणं. चांगले कोयते सगळ्यात जास्त या चुकीपायी वाया जातात. घडतं ते असं. नवा कोयता घेतला, घाईत कुणीतरी तो वेल्डिंगच्या दुकानात नेला, चार इंची ग्राइंडर दोन मिनिटं फिरला. धार वस्तऱ्यासारखी लागली, पण कडेला बोटभर निळा पट्टा उठला. दुसऱ्या दिवशी मनगटाएवढं बाभळीचं लाकूड. पाचव्या-सहाव्या घावाला धार कागदासारखी दुमडली. पुन्हा ग्राइंडर, पुन्हा निळा पट्टा. तिसऱ्या खेपेला पात्याची रुंदी अर्ध्या इंचाने कमी झाली, आणि दोष ज्याने मन लावून घडवला त्या लोहाराला.

दोष उष्णतेचा आहे. पाणी दिल्यावर लोहार पात्याची कड घासून उजळ करतो आणि पाठीतली धग धारेकडे उतरताना बदलणारा रंग बघत बसतो: आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. लाकडाच्या कोयत्याला तपकिरी-जांभळ्याच्या सीमेवर, साधारण 270 अंशांना थांबायचं असतं. निळा म्हणजे 300 च्या घरात. म्हणजे लोहाराने जिथे हात आवरला, ग्राइंडरने तिथून पुढे नेलं. असा कोयता पुन्हा पाणी द्यायला लोहाराकडेच न्यायला हवा. पट्टा अगदी अरुंद असेल तर तेवढा भाग कानशीने उतरवून खालचं कडक पोलाद गाठता येतं.

आम्ही कानस आणि दगड यापलीकडे जात नाही. कानस एकाच दिशेने, दोन्ही बाजूंनी सारखी, प्रत्येकी वीसेक अंशांत. मग ओल्या दगडावर पाचेक मिनिटं. वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो. वस्तऱ्याची बारीक धार लाकडाला नकोच, ती पहिल्या गाठीवर मोडते.

सरळ काटकोनात घाव घालणं. पातं उसळतं किंवा रुततं. तिरका, 45 अंशांचा घाव घाला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, म्हणजे ढलप्या सुटतील. लाकडाखाली ओंडका हवाच. जमिनीवर तोडलं तर धार दगडावर जाते. उभं चिरायचं असेल तर कोयता लाकडाच्या टोकावर टेकवून पाठीवर लाकडी दांडक्याने ठोका. हातोडी कधीच नको.

ओला कोयता म्यानात ठेवणं. एका पावसाळी रात्रीत गंजतो. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. मुठीला जवसाचं तेल.

उघडा घेऊन फिरणं. कोकणात कमरेच्या आकडीला कोयती लावून बागेत जाणं रोजचं आहे, शहरातल्या एसटी स्टँडवर ते चालत नाही. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख शस्त्र नियमांत आहे. शेतीची आणि घरगुती अवजारं त्यातून वगळली आहेत, पण पोलिसांचा जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश लागू असताना हा युक्तिवाद नाक्यावर करत बसावा लागतो. जाड गोणपाटात गुंडाळून, बांधून, पिशवीच्या तळाशी ठेवा. आणि अभयारण्यात किंवा राखीव जंगलात कोयता पिशवीतून काढूच नका, तिथे सरपण गावातून विकत घेऊन जा.