डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर

नागपूरच्या महाल भागात तीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. गेल्या उन्हाळ्यात सरळ मारलेली टीप मधोमध वाकडी दिसायला लागली, तेव्हा मी आधी मशीनलाच शिव्या घातल्या. डावा डोळा झाकला तेव्हा कळलं, भानगड उजव्या डोळ्यात आहे. युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. त्याने पडद्याच्या मधल्या भागात, मॅक्युलात, पाणी साचून सूज आली होती. ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या स्कॅनवर, जाडी 480 मायक्रॉन. ही सूज उतरवायला डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं.

इंजेक्शनच्या आधी रक्ताच्या तपासण्या, छातीचा फोटो, टीबीची चाचणी सांगतात. मला वाटलं, बिल वाढवायचे धंदे. तसं नाही हो. टीबीनेही युव्हिआयटिस होतो, आणि आत जंतू असताना नुसतं स्टिरॉइड सोडलं तर त्यांना रानच मोकळं. काचबिंदू, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काही असेल तर न विचारताही सांगा. घरात कोणाला काचबिंदू असेल तर तेही.

औषध कुठे देणार हे विचारून घ्या. डोळ्याच्या बाजूला देतात ते ट्रायमसिनोलोन, आत देतात तेही ट्रायमसिनोलोन, आणि तिसरी डेक्सामेथासोनची बारीक कांडी, जी आत हळूहळू विरघळते. मुलीने 2019 साली छापून आलेला, या तिन्हींची तुलना करणारा पॉइंट नावाचा अभ्यास वाचून दाखवला: आठ आठवड्यांत सूज बाजूच्या इंजेक्शनने 23 टक्के उतरली, आतल्या ट्रायमसिनोलोनने 39, कांडीने 46. आतल्या औषधांनी डोळ्यातलं प्रेशर वाढायचा धोका मात्र जास्त. कांडी महाग असते, खर्च आधीच विचारा. मी कांडीच घेतली.

त्या दिवशी काजळ लावू नका, गाडी चालवत जाऊ नका. बुबुळ मोठं करतात, मग बाहेर निघालं की नागपूरचं ऊन डोळ्यात सुई टोचल्यासारखं लागतं. काळा चष्मा आणि सोबत माणूस, दोन्ही हवं. बधिर करायचे ड्रॉप घालतात, बीटाडीनने धुतात (खरं झोंबतं ते हेच), पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, वर बघा." टक्‌ असा आवाज आला, जरा दाब जाणवला, संपलं. रात्रभर जागून मी जी भीती घेतली होती, ती वायाच गेली.

नंतर काही दिवस डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. आमच्याकडे कूलरसमोर तोंड करून झोपायची सवय. धूळ डोळ्यात जायला नको म्हणून मी खाट भिंतीकडे सरकवली. डोळ्यात लाली येते, ठिपके तरंगतात, ते ओसरतं. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.

आता माझी चूक. चौथ्या आठवड्यात प्रेशर तपासायला बोलावलं होतं. लग्नसराई, बारा ब्लाउज अंगावर, आणि दिसतही होतं छान. गेलेच नाही. सातव्या आठवड्यात गेले तर प्रेशर 32. साधारण 21 च्या आत हवं असतं. ना दुखलं, ना डोकं जड झालं. असंच चालू राहिलं असतं तर आतली नस गेली असती, आणि नस गेली की परत येत नाही. ड्रॉप सुरू झाले, खाली आलं. सुजेची जाडी तोवर 290 मायक्रॉनपर्यंत उतरली होती.

कांडीचा जोर तीन-चार महिने, कधी सहा. सूज परत येऊ शकते, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. म्हणून दुकानाच्या भिंतीला बारीक चौकड्यांचं कापड टाचलंय. सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून बघते. चौकडी वाकली, की शटर ओढून धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता. तपासणीच्या तारखा मी आता गिऱ्हाइकांच्या वहीतच लिहिते, ब्लाउजच्या मापांच्या वर.